'ला' आणि 'ने' : शाळा, निरीक्षणगृह व कारागृह ह्यांतील मनोव्यथेची मराठी

मराठी बोलणारा मनुष्य आपल्या मनाची व्यथा बहुधा कर्ता होऊन सांगत नाही. त्याला भीती वाटते, त्याला रडू येते, त्याला झोप लागत नाही, त्याला करमत नाही. ह्या सर्व वाक्यांत ज्याचे मन व्यथित आहे तो चतुर्थीत, म्हणजे 'ला' ह्या प्रत्ययाने, येतो. व्याकरणदृष्ट्या कर्तेपण भीतीकडे वा झोपेकडे जाते आणि 'करमत नाही' ह्या वाक्यात तर ते कोणाकडेच राहत नाही. ह्याच्या उलट त्याच मनुष्याने एखादी कृती पूर्ण केली की तो तृतीयेत येतो : त्याने चोरी केली, त्याने मारले, त्याने पेपर सोडवला. जे झाले ते 'ला'ने आणि जे केले ते 'ने'ने, अशी ही ढोबळ विभागणी आहे. प्रस्तुत लेखात ह्या भेदाचा विचार केला आहे, पण तो केवळ व्याकरणासाठी नव्हे. शाळा, बाल न्याय मंडळ आणि कारागृह ह्या तीन ठिकाणी मानसिक आरोग्याचे जे काम गेल्या काही वर्षांत कायद्याने वा न्यायालयाच्या आदेशाने आवश्यक ठरले आहे, ते सारे अखेर कोणीतरी काहीतरी विचारावे आणि दुसऱ्याने त्याचे उत्तर द्यावे ह्या भाषिक व्यवहारावर उभे आहे. नांदेड व लातूर ह्या दोन जिल्ह्यांत हा व्यवहार मराठीत, आणि बहुतेक वेळा बोलीत, चालतो. 'ला'ने सांगितलेले 'ने'ने लिहून घेतले गेले तर त्या लेखनाचा परिणाम एखाद्या मुलाला पुढे अनेक वर्षे भोगावा लागणे शक्य आहे.

हा भेद निरपवाद आहे असे मात्र कोणी समजू नये. तो घाबरला, ती खचली, तो चिडला अशी प्रथमेतील वाक्येही मराठीत विपुल आहेत आणि 'त्याने धीर सोडला' ह्यासारख्या वाक्यात मनाचा व्यापारही 'ने'ने सांगितला जातो. शिवाय प्रमाण मराठीत भूतकाळी प्रथम व द्वितीय पुरुषी सर्वनामांना 'ने' लागत नाही. 'मी चोरी केली' असे म्हटले जाते, 'मीने' असे नाही. मराठवाड्याच्या खेड्यांत अजून कानी पडणारे 'म्या केलं' हे जुने तृतीयेचे रूप प्रमाणभाषेतून गेले. त्यामुळे बोलणाऱ्याच्या तोंडी जे कर्तेपण प्रत्ययाविना राहते, ते त्याच्याविषयी दुसरा लिहू लागला की 'ने'ने ठसठशीत होते. भाषा मनाला साच्यात कोंडते, हे मतही येथे अभिप्रेत नाही. भाषा बोलणाऱ्याला काही वाटा सोप्या करून देते, आणि ऐकणाऱ्याला त्या वाटा ठाऊक नसल्या तर तो भलत्याच ठिकाणी पोहोचतो, एवढेच म्हणावयाचे आहे.

ही रचना एकट्या मराठीचीही नाही. देगलूर, बिलोली, धर्माबाद ह्या बाजूच्या तेलुगू बोलणाऱ्या घरांत 'नाकु भयंगा उंदि' असे म्हणतात आणि उदगीर-निलंग्याकडील कन्नड घरांत 'ननगे भय आगुत्तदे' असे. दोन्हींत 'मला' हेच पद आरंभी येते. दखनीतले 'मेरेकु डर लगता' त्याच घाटाचे आहे. अनुभवणाऱ्याला चतुर्थीत ठेवण्याचा हा विशेष भारतीय उपखंडातील भिन्न कुळांच्या भाषांना समान आहे, हे कॉलिन मसिका ह्यांनी १९७६ मध्ये दाखविले होते. नांदेड आणि लातूर हे दोन सीमेवरचे जिल्हे पाहता ह्याचे व्यावहारिक महत्त्व मोठे आहे. घरची भाषा कोणतीही असो, तेथील मूल व्यथा सांगताना बहुधा 'मला'नेच आरंभ करील.

आता शब्दांकडे वळू. 'करमणे' ह्या क्रियापदाला इंग्रजीत एकशब्दी प्रतिशब्द नाही. त्यात एकटेपणा आहे, घरची ओढ आहे, कंटाळा आहे आणि ह्या तिहींपेक्षा वेगळे असे काही आहे : जागेशी मनाची गाठ न पडणे. मराठवाड्यात ते 'करमंना' असे ऐकू येते. ह्याच जातीचे 'अन्न गोड लागत नाही' हे वाक्य आहे. शब्दशः घेतले तर ते स्वयंपाकाविषयीचे ठरेल. वस्तुतः ते मनाची गोडी गेल्याचे सांगते आणि वृद्ध स्त्रियांच्या तोंडी ते विशेष आढळते. 'मनावर घेणे' आणि 'मनाला लावून घेणे' ही जोडी तर प्रत्येक परीक्षकाने पाठ करावी अशी आहे. पहिल्यात निश्चय आहे, दुसऱ्यात जखम आहे. 'अभ्यास मनावर घे' आणि 'मार्कांचं मनाला लावून घेऊ नकोस' ही दोन वाक्ये एकच शिक्षक एकाच दिवशी एकाच मुलाला सांगू शकतो. 'मनात धरणे' हे तिसरेच. त्यात आकस आहे. परभाषेतून भाषांतरित झालेल्या प्रश्नावलीत ह्यांपैकी एकही शब्द सहसा नसतो. तेथे 'आपण निराश असता का?', 'आपणांस अस्वस्थता जाणवते का?' अशी वाक्ये असतात. ती शुद्ध असतात, पण ती कोणाच्या घरात बोलली जात नाहीत. त्यांत आणखी एक गोम आहे. 'आपण निराश असता का?' हे वाक्य विचारलेल्या माणसाला प्रथमेत बसवते. निराशा त्याच्याकडे आलेली नसून तो स्वतःच निराश आहे, असे ते मान्य करावयास सांगते. 'मला कशात गोडी वाटत नाही' असे सहज म्हणणारा माणूस 'मी निराश आहे' हे मान्य करावयास कचरतो, ह्यात नवल नाही.

व्यथा सांगण्याच्या अशा रूढ, समाजमान्य वाटांना मार्क निक्टर ह्यांनी १९८१ मध्ये दक्षिण कर्नाटकातील हव्यक ब्राह्मण स्त्रियांच्या अभ्यासातून एक शास्त्रीय नाव मिळवून दिले आणि पुढे मनोविकारशास्त्राने त्या कल्पनेला आपल्या वर्गीकरणात स्थान दिले. त्या अभ्यासाचा सारांश इतकाच की, लोक रोगाचे नाव सांगत नाहीत, व्यथेची रीत सांगतात. ती रीत ओळखणे हे ऐकणाऱ्याचे काम आहे.

मराठवाड्यात ही अडचण मोठ्या प्रमाणावर प्रथम उभी राहिली असेल ती किल्लारीच्या भूकंपानंतर. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गावे झोपली असताना, तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, आताचा धाराशिव, ह्या जिल्ह्यांच्या सीमाभागात भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यांवरची मातीची माळवदे कोसळून सुमारे आठ हजार माणसे दगावली. बावन्न गावे नव्या जागी वसवावी लागली. मनोविकारतज्ज्ञांचे एक पथक तेथे महिनाभरात पोहोचले होते. वाचलेल्यांपैकी ज्यांची त्याने तपासणी केली त्यांतील निम्म्याहून अधिक लोकांत निदान करण्याजोगा मनोविकार आढळला, असा त्याचा अहवाल १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. बाहेरून आलेल्या माणसापुढे तेथील भाषेचे कोणते कोडे असते, ते एका शब्दावरून कळेल. मराठीत 'धक्का' हा शब्द भूकंपाच्या कंपनालाही आहे आणि मनाच्या आघातालाही. 'अजून धक्के बसतात' हे वाक्य जमिनीविषयी आहे की मनाविषयी? भूकंपोत्तर कंपने चालू असतात तोपर्यंत ते दोहोंविषयी असते. पुढे कधीतरी जमीन थांबते, वाक्य तेच राहते आणि त्याचा अर्थ तेवढा बदलतो. 'हादरा' ह्या शब्दाचीही हीच गत. ह्या दुहेरी अर्थाला दोष म्हणण्याचे कारण नाही. माणूस ते दोन आघात वेगळे करून जगत नाही, हेच त्यातून दिसते.

त्या भूकंपाने भाषेला आणखी एक शब्द पक्का करून दिला : 'भूकंपग्रस्त'. 'ग्रस्त' म्हणजे गिळलेला, ग्रासलेला. पूरग्रस्त, दुष्काळग्रस्त, रोगग्रस्त ह्या मालिकेत तो सहज बसला. काही काळाने तो प्रमाणपत्रावरचा शब्द झाला आणि नोकरभरतीच्या जाहिरातींत 'प्रकल्पग्रस्त'शेजारी त्याचा रकाना आला. व्यथेचा शब्द हक्काचा शब्द झाला ह्यात वाईट काही नाही. पण रकान्यातल्या शब्दात व्यथा ऐकू येत नाही, हेही खरे. भूकंपात पोरकी झालेली व उघड्यावर आलेली सुमारे बाराशे मुले भारतीय जैन संघटनेने शांतिलाल मुथा ह्यांच्या पुढाकाराने शिक्षणासाठी पुण्यास नेली. त्या मुलांना 'भूकंपग्रस्त' हा शब्द दोन जिल्ह्यांच्या बाहेर, परक्या शहरात, स्वतःची ओळख म्हणून वागवावा लागला. आणि त्या वसतिगृहात पहिल्या महिन्यात सर्वाधिक उच्चारले गेलेले क्रियापद कोणते असेल ह्याचा तर्क करण्यास फारसे धाडस लागत नाही.

घर सोडून वसतिगृहात राहण्याचा प्रसंग आज लातुरात हजारो मुलांवर येतो, मात्र वेगळ्या कारणाने. बारावीच्या आणि वैद्यकीय प्रवेशाच्या निकालांमुळे 'लातूर पॅटर्न' हे नाव महाराष्ट्रभर झाले. नांदेडातही शिकवणीवर्गांची तशीच वस्ती उभी राहिली. ह्या पद्धतीचे गुणदोष सांगणे हा ह्या लेखाचा हेतू नव्हे. गरीब घरांतील शेकडो मुलांना तिने डॉक्टर केले हे नाकारणे अन्यायाचे होईल. तिच्या भाषेकडे मात्र पाहिले पाहिजे. मराठीत गुण मिळण्याला दोन क्रियापदे आहेत, 'पडणे' आणि 'पाडणे'. 'मला साठ मार्क पडले' हे 'ला'चे वाक्य. 'त्याने नव्वद मार्क पाडले' हे 'ने'चे. घरी बोलताना दोन्ही चालतात आणि एरवी मुले ती सहज अदलाबदलीने वापरतात. परंतु निकालाच्या दिवशी पालकांचा प्रश्न 'किती पडले?' असा येतो की 'किती पाडलेस?' असा, ह्यावर मुलाची त्या घरातील जागा ठरल्यासारखी होते. यश 'ने'चे आणि अपयश 'ला'चे अशी सवलत प्रौढ मनुष्य स्वतःस नेहमी घेतो : मी पैसा कमावला, मला तोटा आला. मुलाला मात्र ती नाकारली जाते. त्याचे कमी गुणही त्यानेच 'पाडलेले' असतात. पुन्हा परीक्षेला बसणाऱ्यास 'रिपीटर' म्हणतात व त्याच्या तुकडीला 'रिपीटर बॅच'. हा शब्द जाहिरातीत येतो, भिंतीवर येतो, आणि मूल स्वतःविषयी बोलतानाही तोच वापरते. ज्या शब्दाने एरवी पुनःपुन्हा गुन्हा करणाऱ्याचा निर्देश होतो त्याच धातूचा हा शब्द आहे, ही गोष्ट कोणाच्या लक्षात येत नाही. येण्याची गरजही नाही, कारण त्याचा सूर न सांगता कळतो.

२५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुकदेव साहा प्रकरणात विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याविषयी जे निर्देश दिले ते शिकवणीवर्गांनाही लागू आहेत. शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक नेमावा, गुणांवरून विद्यार्थ्यांच्या तुकड्या वेगळ्या करू नयेत, मदतीचे दूरध्वनी क्रमांक ठळकपणे लावावेत, असे त्यांत आहे. १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू असलेल्या 'टेलीमानस' ह्या सेवेचा १४४१६ हा क्रमांक भिंतीवर लागेल, समुपदेशकही नेमला जाईल. त्यानंतरचा प्रश्न हा की, तो समुपदेशक 'काही बरंवाईट करून घेईल' ह्या वाक्यातला धोका ओळखील काय? मराठी माणूस आत्महत्येचे नाव घेत नाही. तो 'बरंवाईट' म्हणतो, 'जीवाचं काही करून घेईन' म्हणतो, किंवा 'सुटेन एकदाचा' म्हणतो. ज्याला हे शब्द घरच्या भाषेतून ठाऊक नाहीत त्याला ते प्रश्नावलीतून कळणार नाहीत.

ह्या विषयात कायद्याने एक उल्लेखनीय पाऊल टाकले आहे आणि ते व्याकरणाच्या भाषेत उत्तम सांगता येते. जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३०९ नुसार आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा होता : 'त्याने प्रयत्न केला.' मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ च्या कलम ११५ ने, विरुद्ध सिद्ध झाले नाही तर त्या व्यक्तीला तीव्र ताण होता असेच मानावे, असे ठरवले आणि तिच्यावर खटला चालविणे बंद केले. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत, लोकसेवकावर दबाव आणण्यासाठी केलेल्या प्रयत्नाचा अपवाद सोडता, तो गुन्हाच उरला नाही. 'ने'चे वाक्य कायद्याने 'ला'चे केले. पोलिस ठाण्याच्या मराठीत हा बदल पूर्णपणे उतरण्यास आणखी काळ लागेल.

बालकांच्या न्यायाच्या बाबतीत शब्दांचा विचार कायद्याने ह्याहूनही स्पष्ट केला आहे. मुंबई इलाख्यातील १९२४ च्या बालक अधिनियमात 'अल्पवयीन अपराधी' ही कल्पना होती. १९८६ च्या केंद्रीय कायद्यात 'अपचारी किशोर' आला, २००० मध्ये 'कायद्याशी संघर्षात आलेला किशोर' आणि २०१५ मध्ये 'कायद्याशी संघर्षात आलेले बालक'. २०१५ च्या अधिनियमाच्या तिसऱ्या कलमात जी तत्त्वे दिली आहेत त्यांत एक तत्त्व शब्दार्थाविषयीच आहे : बालकासंबंधीच्या कार्यवाहीत आरोपात्मक वा कलंक लावणारे शब्द वापरू नयेत. त्यापूर्वी २००७ च्या आदर्श नियमांत तर अटक, रिमांड, आरोपी, आरोपपत्र, खटला, वॉरंट, दोषसिद्धी, तुरुंग असे वर्ज्य शब्दच मोजून दाखवले होते. शब्दांची अशी बंदीयादी भारतीय कायद्यात क्वचित आढळते. आणि तरीही लातूर-नांदेडच्या रस्त्यावर कोणालाही विचारावे, निरीक्षणगृहाला तो 'रिमांड होम'च म्हणेल. वर्ज्य ठरवलेला शब्द संस्थेच्या लोकप्रचलित नावातच बसला आहे.

मराठीत 'बालगुन्हेगार' ह्या शब्दाऐवजी 'विधिसंघर्षग्रस्त बालक' हा शब्द शासनाने रूढ केला. तो लांब आहे, जड आहे आणि त्याची थट्टाही होते. परंतु त्यातील 'ग्रस्त' लक्षात घेण्याजोगा आहे. इंग्रजी संज्ञेत केवळ संघर्ष आहे, ग्रासले जाणे नाही. ती भर मराठीने घातली. भाषांतरकाराने ती विचारपूर्वक घातली असो वा केवळ समासाच्या सोयीसाठी, तिच्यामुळे हे मूल भूकंपग्रस्तांच्या आणि पूरग्रस्तांच्या ओळीत येऊन बसले. ज्याने काही केले त्यापेक्षा ज्याला काही झाले तो, असा अर्थ त्या प्रत्ययवजा पदाने सूचित केला. शासकीय मराठीच्या नावाने नेहमी बोटे मोडली जातात. येथे तरी तिचे ऋण मान्य करावयास हवे.

मात्र हा शब्द फाइलीच्या आवरणावर राहतो आणि आत वाक्ये सारी 'ने'ची असतात. अधिनियमाच्या पंधराव्या कलमानुसार, सोळा वर्षे पूर्ण झालेल्या बालकावर अतिगंभीर गुन्ह्याचा आरोप असेल तर बाल न्याय मंडळाने त्याचे प्राथमिक मूल्यांकन करावयाचे असते : अपराध करण्याची त्याची मानसिक व शारीरिक क्षमता, परिणाम समजण्याची पात्रता आणि ज्या परिस्थितीत ते घडले ती परिस्थिती. हे काम बालक प्रथम हजर झाल्यापासून तीन महिन्यांत पुरे करावे लागते. त्याच्या आधारे बालकाचा खटला प्रौढाप्रमाणे चालवण्यासाठी बाल न्यायालयाकडे पाठवावयाचा की नाही, हे ठरते. १३ जुलै २०२२ रोजी बरुणचंद्र ठाकूर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ह्या कामाचे गांभीर्य विशद केले. मंडळात बालमानसशास्त्राची वा मनोविकारशास्त्राची पदवी असलेला व्यवसायी नसेल, तर तज्ज्ञांचे साहाय्य घेणे ऐच्छिक न राहता बंधनकारक होईल, असे न्यायालयाने सांगितले.

ह्या मूल्यांकनात सोळा-सतरा वर्षांचा मुलगा काय बोलेल? मराठीत स्वाभाविकपणे येणारी तीन वाक्ये घ्यावीत. 'मी केलं', 'माझ्या हातून झालं', 'मला कळलंच नाही'. पहिल्यात पूर्ण कर्तेपण आहे. दुसऱ्यात कृती मान्य आहे, पण तिच्यामागचा हेतू मान्य नाही. 'हातून होणे' ही मराठीची अतिशय सूक्ष्म सोय आहे आणि प्रामाणिक पश्चात्तापाचीही तीच भाषा आहे. तिसरे वाक्य पंधराव्या कलमाच्या अगदी मर्माशी जाते. जबाब लिहून घेणाऱ्याच्या लेखणीतून दुसरे वाक्य 'सदर बालकाने कृत्य केल्याचे कबूल केले' असे उतरले, तर शब्दशः ते खोटे नसते. पण 'हातून' गेला, आणि हातूनबरोबर सारा प्रश्नच गेला. ह्याहून कठीण स्थिती 'कळत होतं, पण वळत नव्हतं' ह्या वाक्याची. कळते पण वळत नाही, ही आपल्याकडे म्हण होऊन बसलेली जोडी आहे. ती समज आणि स्वतःवरचा ताबा ह्यांत जो भेद करते, तोच भेद किशोरवयाच्या मानसशास्त्रात आज मध्यवर्ती मानला जातो. परिणाम समजण्याची पात्रता विचारणारा परीक्षक एवढ्या वाक्यातील 'कळत होतं' तेवढे टिपून घेईल तर मुलगा प्रौढांच्या वाटेला लागेल. 'वळत नव्हतं' हेही टिपले तर कदाचित लागणार नाही. एका जोडशब्दावर इतके अवलंबून असू नये, पण आहे. म्हणून सामाजिक तपासणी अहवालात मुलाची निदान चार-पाच वाक्ये त्याच्याच शब्दांत, बोलीसह, अवतरणचिन्हांत लिहिली जावीत, ही मागणी अवास्तव म्हणता येणार नाही. त्यास वेगळा खर्च लागत नाही. परिविक्षा अधिकाऱ्याला 'शुद्ध' लिहिण्याचा मोह आवरावा लागतो, एवढेच.

कारागृहात हीच गोष्ट उलटी होते. तेथील मनुष्य 'ला'मध्येच बुडालेला असतो. त्याला सजा लागते, त्याला तारीख मिळते, त्याला मुलाखत मिळते किंवा मिळत नाही, त्याला बराक बदलून दिली जाते. वर्षानुवर्षे त्याच्याविषयी 'ने'चे एकच वाक्य राहते आणि ते गुन्ह्याचे असते. नांदेड व लातूर येथील जिल्हा कारागृहांसारख्या ठिकाणी बहुसंख्येने असतात ते खटला चालू असलेले बंदी. देशभरात एकूण बंद्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश तेच आहेत. कागदावर ते 'न्यायाधीन बंदी' असतात, बोलण्यात 'कच्चे कैदी'. 'कच्चा' ह्या विशेषणात पिकण्याची वाट पाहणे गृहीत आहे, आणि त्या माणसाच्या मनाची अवस्थाही तीच असते : काहीच ठरलेले नाही. त्याला शिक्षेचा निश्चितपणाही नाही आणि सुटकेची आशाही धड नाही. तुरुंगात असण्याला घरचे लोक 'आत' म्हणतात. कुठे आहे ह्याचे उत्तर केवळ 'आत' असे देताना बाकीचे सारे गिळले जाते.

लवचिकपणाविषयी शासकीय कागदांत जे लिहिले जाते ते येथे तपासून पाहावे. संकटातून पुन्हा उभे राहण्याच्या शक्तीसाठी 'लवचिकता' हा प्रतिशब्द चालू झाला आहे. मूळ कल्पना पदार्थविज्ञानातील : वाकवलेली पट्टी सोडताच सरळ होते. पण शिक्षणाच्या मराठीत 'लवचिकता' अभ्यासक्रमासाठी आधीच वापरात आहे आणि लोकभाषेत लवणे म्हणजे वाकणे. आधीच वाकवलेल्या माणसाला लवचिक हो म्हणणे विचित्र दिसते. मराठीपाशी ह्या अर्थाचे स्वतःचे शब्द आहेत : तग धरणे, सावरणे, उभारी, धीर. ह्यांत 'धीर' सर्वांत श्रीमंत. तो येतो, सुटतो, खचतो, धरता येतो आणि मुख्य म्हणजे देता येतो. 'सावरणे'ही स्वतःचे असते आणि दुसऱ्याचेही : 'तो सावरला', 'तिने त्याला सावरले'. परकीय संज्ञेत ही शक्ती एका माणसाच्या आत असलेला गुण म्हणून येते. मराठी शब्दांत ती दोन माणसांमध्ये असते. महाराष्ट्राच्या कारागृहांत बंद्यांना त्यांच्या लहान मुलांना जवळ घेऊन भेटता यावे म्हणून जो उपक्रम झाला त्याला 'गळाभेट' हे नाव मिळाले, हे ह्या दृष्टीने योग्यच झाले. जाळीपलीकडची 'मुलाखत' आणि 'गळाभेट' ह्यांतील अंतर समजावून सांगावे लागत नाही.

तथापि बंद्याला केवळ धीर 'दिल्याने' भागत नाही. त्याच्या वाट्याला 'ने'ची नवी वाक्ये यावी लागतात. महाराष्ट्रात ह्याचे जुने उदाहरण आहे. औंध संस्थानाने विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकाच्या उत्तरार्धात, मॉरिस फ्रिडमन ह्यांच्या प्रेरणेने, आटपाडीजवळ कैद्यांची एक मुक्त वसाहत वसवली आणि तिचे नाव 'स्वतंत्रपूर' ठेवले. व्ही. शांताराम ह्यांच्या 'दो आँखें बारह हाथ' (१९५७) ह्या चित्रपटामागे हीच वसाहत होती. तेथील माणसांविषयी 'त्याने खून केला' ह्या वाक्यानंतर 'त्याने विहीर खणली', 'त्याने ज्वारी काढली' अशी वाक्ये बोलता येऊ लागली. तुरुंगाला स्वतंत्रपूर म्हणण्याचे धाडस नंतरच्या कोणत्याही नामकरणात दिसलेले नाही.

२०१७ च्या अधिनियमाने कारागृहांवर काही ठोस कर्तव्ये टाकली आहेत. कारागृहांतील सर्व वैद्यकीय अधिकाऱ्यांना मानसिक आरोग्याचे मूलभूत प्रशिक्षण द्यावे. प्रत्येक राज्यात किमान एका कारागृहाच्या वैद्यकीय विभागात मानसिक आरोग्य केंद्र असावे. आणि कलम १०३ नुसार वैद्यकीय अधिकाऱ्याने दर तीन महिन्यांनी, कारागृहात मानसिक आजार असलेला बंदी नाही, असे प्रमाणपत्र मंडळाला पाठवावे. हेतू उघड आहे : अशा बंद्याला योग्य स्थळी हलवले जावे. पण हे नकारार्थी प्रमाणपत्र ज्या प्रश्नोत्तरांवर लिहिले जाते ती प्रश्नोत्तरे कोणत्या भाषेत होतात, हे कलम सांगत नाही. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी ह्या राज्याच्या चार जुन्या प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एकही मराठवाड्यात नाही. त्यामुळे नांदेडच्या बंद्याची तपासणी पुढे जाणे न जाणे पहिल्या प्रश्नावरच पुष्कळ अंशी ठरते. 'काही मानसिक आजार आहे का?' असे विचारले तर उत्तर 'नाही साहेब' असेच येईल. 'झोप लागते का?', 'अन्न गोड लागतं का?', 'करमतं का?' असे विचारले तर निराळे काही ऐकू येण्याचा संभव आहे.

असे प्रश्न तयार करण्यासाठी लागणारी शब्दसामग्री अद्याप कोठेही एकत्र केलेली दिसत नाही आणि ते काम मनोविकारतज्ज्ञाचे नसून भाषाभ्यासकाचे आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी एकेका तालुक्यातून भीती, दुःख, झोप, भूक, राग, एकटेपणा आणि धीर ह्यांविषयीची वाक्ये, शब्द नव्हे, उच्चारांसह टिपावीत. प्रत्येक वाक्यात व्यथित माणूस कोणत्या विभक्तीत आहे, हे त्याबरोबर नोंदवावे. आरंभ किनवट-माहूरपासून करणे इष्ट ठरेल. तेथे गोंडी, कोलामी, गोरमाटी, तेलुगू आणि मराठी एकाच बाजारात बोलल्या जातात आणि शाळेत आलेले मूल रडण्याचे कारण कोणत्या भाषेत सांगेल, हे शिक्षकाला आधी ठाऊक नसते. उदगीर आणि निलंगा त्यानंतर घ्यावेत. किल्लारी परिसरातील नोंदी मात्र लांबणीवर टाकू नयेत, कारण १९९३ ची ती पहाट जाणतेपणी अनुभवलेली सर्वांत तरुण माणसेही आता पन्नाशीकडे झुकली आहेत, आणि 'धक्का' ह्या शब्दाचा जो दुहेरी अर्थ त्यांच्या बोलण्यात आहे तो त्यांच्या मुलांच्या बोलण्यात असेलच असे नाही.